अपुरा पत्ता

रामबागेतल्या आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला पाण्याचे भांडे हाती पडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. माझे थोरले बंधू, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, बाहेरच्या खोलीत येऊन उभे राहतात आणि पाहुण्याच्या चेहऱ्याकडे न पाहता, त्याच्या खांद्यामागच्या भिंतीवर नजर ठेवून विचारतात, "पिनकोड?" उत्तर बरोबर आले तर मान हलवून ते आत निघून जातात, चुकले तर बरोबर आकडा सांगून मग आत जातात. आमचे वडील इंदूरच्या टपाल कचेरीत कारकून होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडची पद्धत सुरू झाली तेव्हा अण्णा तेरा वर्षांचे होते, आणि वडिलांनी घरी आणलेल्या याद्या त्यांनी त्या पावसाळ्यातच पाठ करून टाकल्या. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि शिवाय संस्कृतातले कवी, याचा वडिलांना मोठा अभिमान होता. अण्णांना त्याचे काही नव्हते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांच्या पत्त्यांचा पहिला आकडा ४ हाच आहे, या गोष्टीचा मात्र त्यांना आजही आनंद होतो, आणि तो ते आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवतात.

अण्णांनी सियागंजातल्या एका किराणा आडत्याकडे तीस वर्षे वह्या लिहिल्या. बेरीज कधी चुकली नाही आणि दुकानातल्या कोणाच्या लग्नालाही ते कधी गेले नाहीत. रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी ते पहाटेपासून माळ्यावर जाऊन बसत, कानांत कापसाचे बोळे घालून. त्यांना कोणी तऱ्हेवाईक म्हटले, कोणी एककल्ली. आई मात्र "तो तसाच आहे" एवढेच म्हणत असे आणि विषय संपवत असे. आमच्या काळी निदान होते ते एवढेच.

माझ्या लेकीच्या मुलाला मात्र २०२१ साली, तो तीन वर्षांचा असताना, स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, रीतसर निदान मिळाले. आज तो सात वर्षांचा आहे. बातमी नातलगांत पोचली तेव्हा प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: "कोणत्या प्रकारचा?" जणू काही मधुमेहासारखा पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारचा. सुरुवातीला मला या प्रश्नाचा राग येत असे. पुढे लक्षात आले की विचारणाऱ्याला प्रकार नको असतो. त्याला हे जाणून घ्यायचे असते की मूल बोलेल का, शाळेत जाईल का, आईवडिलांच्या माघारी त्याचे कोण करील. हे प्रश्न तोंडावर विचारणे कठीण, म्हणून प्रकार विचारायचा. आणि खरे सांगायचे तर त्या दिवसांत आम्हीही दुसरे काय करत होतो?

नातू दीड वर्षाचा असताना वीसेक शब्द बोलत असे. आई, आजी, भू, पोहे, गाडी. दोन महिन्यांत ते शब्द एकेक करून नाहीसे झाले, आणि हाक मारल्यावर वळून बघणेही थांबले. लेकीने रात्र रात्र जागून इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली आणि एका वहीत प्रकारांची नावे लिहून काढली. ती यादी, आम्हाला नंतर कळले त्याप्रमाणे, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली काढलेल्या नियमावलीतली होती. तीत पाच नावे होती, आणि आम्ही ती एखाद्या गुन्ह्याच्या तपासासारखी एकेक खोडत गेलो.

शब्द गेले म्हणून सर्वांत आधी भीती वाटली ती हेलर यांच्या प्रकाराची. थिओडोर हेलर या व्हिएन्नातल्या शिक्षणतज्ज्ञांनी १९०८ साली अशा मुलांचे वर्णन केले, जी आधी नीट वाढतात आणि मग भाषा, खेळ, शौचाचे नियंत्रणसुद्धा गमावतात. पण त्यात किमान पहिली दोन वर्षे वाढ सुरळीत असावी लागते, आणि आमच्याकडे गळती त्याआधीच सुरू झाली होती. स्वमग्नतेत काही मुलांचे शब्द दीड ते दोन वर्षांच्या सुमारास असे जातात, ही गोष्ट त्या वेळी आम्हाला कोणीतरी सांगायला हवी होती. दुसरे नाव रेट यांचे. आंद्रेआस रेट यांनी १९६६ साली ज्या मुलींबद्दल लिहिले, त्या हात चोळत, पिळत राहतात आणि हाताने वस्तू धरणेही विसरतात. हा विकार जवळजवळ केवळ मुलींनाच होतो. त्याचे मूळ क्ष गुणसूत्रावरच्या एका जनुकात आहे हे १९९९ साली सापडले, आणि पुढे त्याला या यादीतून बाहेर काढण्यात आले. आमचा मुलगा, म्हणून तेही नाव खोडले. अस्पर्गर यांच्या प्रकारात भाषेला उशीर झालेला चालत नसे, तेही गेले. उरला मूळचा, म्हणजे अभिजात स्वमग्नतेचा प्रकार, आणि पाचवा, ज्याचे नाव लेकीने वहीत तीन ओळींत लिहिले होते. मराठीत त्याचा अर्थ एवढाच की विकासाचा व्यापक दोष आहे, पण तो अन्यत्र कुठे बसवता येत नाही.

लेकीने हे नाव मोठ्याने वाचले तेव्हा अण्णा शेजारच्या खोलीत होते. ते दारात येऊन म्हणाले, "अपुरा पत्ता." टपाल कचेरीत पत्रे लावायच्या लाकडी खणांत एक खण असतो, ज्यात कुठेच न जाणारी पत्रे पडतात. वडील सांगत की बाकीचे खण रिकामे असले तरी तो कधी रिकामा नसे. स्वमग्नतेच्या बाबतीतही नेमके तेच होत होते. धड इकडची ना तिकडची अशी मुले त्या पाचव्या खणात पडत, आणि अशी मुले फार होती.

खण मोडले ते २०१३ साली. त्या वर्षीच्या नव्या नियमावलीने चार नावे एकत्र करून एकच नाव ठेवले, ज्याला मराठीत आपण आता स्वमग्नतेचा वर्णपट म्हणतो. यामागे जी कारणे होती, त्यांतले एक मला टपालवाल्याची मुलगी म्हणून फार पटले. उत्तर अमेरिकेतल्या बारा केंद्रांत तपासलेल्या दोन हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात असे दिसले की मुलाला कोणते नाव मिळेल हे मुलाच्या लक्षणांपेक्षा तो कोणत्या केंद्रात गेला यावर अधिक अवलंबून होते. तेच पत्र एका कचेरीत एका खणात आणि दुसऱ्या कचेरीत दुसऱ्या खणात पडत असेल तर दोष पत्राचा नव्हे.

आता निदानासाठी दोन गोष्टी पाहतात. पहिली, माणसांशी देवाणघेवाण: नजर, हावभाव, संभाषणातली पाळी, मैत्री. दुसरी, एकाच गोष्टीचे वेड किंवा पुनरावृत्ती: हालचालींची, शब्दांची, ठरलेल्या क्रमाची, आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांचा फार त्रास होणे किंवा मुळीच न होणे. या दोन्हींसाठी आधाराची गरज किती, हे एक ते तीन अशा पातळ्यांनी वेगवेगळे नोंदवायचे असते. त्याखेरीज बुद्धी आणि भाषा यांची स्थिती स्वतंत्र लिहायची. जागतिक आरोग्य संघटनेची जानेवारी २०२२ पासून लागू झालेली वर्गवारी तर पातळ्यांच्या वाटेला जातच नाही; ती मुख्यतः बौद्धिक विकास आणि व्यवहारात वापरता येणारी भाषा या दोन गोष्टींवर भेद करते. व्यवहारात मात्र डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत या साऱ्याचे "मॉडरेट" होते, आणि नातलगांना आपला "प्रकार" परत मिळतो.

वर्णपट या शब्दाचाही गैरसमज फार होतो. लोक त्याची कल्पना एका सरळ रेषेसारखी करतात: एका टोकाला सौम्य, दुसऱ्या टोकाला तीव्र, आणि मूल त्यावर कुठेतरी टाचणीने टोचलेले. आमचा नातू बोलण्यात फार मागे आहे, पण जिना, रस्ता, वस्तूंच्या जागा यांची त्याची जाण मला थक्क करते. अण्णा पूर्ण वाक्यांत, शुद्ध मराठीत बोलतात, पण कुकरची शिट्टी वाजली की त्यांचे तोंड पांढरे पडते. नातवाला कुकरचे काहीच नाही, त्याला उलट अंगावर दाब हवा असतो, म्हणून तो दुपारी गाद्यांच्या चळतीत शिरून बसतो. पोहे तो खातो, पण शेव आणि जिरावन नसलेले, त्याच एका कडा चेपलेल्या ताटलीत. या दोघांतला सौम्य कोण आणि तीव्र कोण, हे ठरवायला बसले तर वेळेनुसार उत्तर बदलेल. रंगपंचमीच्या दिवशी अण्णा तीव्र असतात.

प्रकारांच्या साऱ्या वाचनात मला खरोखर उपयोगी पडला तो लोर्ना विंग यांनी केलेला भेद. विंग या लंडनमधल्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, आणि त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. १९७९ साली त्यांनी ज्युडिथ गूल्ड यांच्यासह लंडनच्या कँबरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मुले माणसांशी कशी वागतात यावरून तीन तऱ्हा सांगितल्या: अलिप्त राहणारी, स्वतः पुढे येत नाहीत पण कोणी जवळ घेतले तर येऊ देतात अशी, आणि तिसरी, आपणहून पुढे येणारी पण विचित्र रीतीने येणारी. ही तिसरी तऱ्हा वाचली आणि मी पुस्तक मिटून ठेवले. साठ वर्षे आम्ही सर्वांनी असे धरले होते की अण्णांना माणसे नकोत. ज्याला माणसे नकोत तो प्रत्येक पाहुण्यासमोर येऊन उभा का राहील? पिनकोड विचारणे ही त्यांची नमस्कार करण्याची रीत होती, आणि आम्ही ओशाळून त्यांना आत पाठवत होतो. विंग यांनी असेही सांगितले की ही तऱ्हा वयानुसार बदलू शकते. नातू चार वर्षांपूर्वी पहिल्या तऱ्हेचा होता. आज त्याला मांडीवर घेतले तर तो राहतो.

अस्पर्गर हे नाव जगात पसरले तेही विंग यांच्या १९८१ च्या लेखामुळेच. हान्स अस्पर्गर यांनी १९४४ साली व्हिएन्नात चार मुलग्यांबद्दल लिहिले होते: लहानपणीच मोठ्या माणसासारखे बोलणारे, एका विषयात बुडालेले, खेळात अवघडलेले. लेकीने ते वर्णन वाचून दाखवले तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता अण्णांच्या खोलीकडे बघत होतो. पुढे २०१८ साली जुन्या कागदपत्रांवरून हेही उघडकीस आले की नाझी राजवटीत याच अस्पर्गरांनी काही मुलांना अशा संस्थेत धाडले, जिथे मुलांना मारले जात होते. आज पुष्कळ जण ते नाव वापरत नाहीत. मीही अण्णांना ते लावणार नाही. आणि या सर्वांच्या कितीतरी आधी, १९२५ साली, मॉस्कोत काम करणाऱ्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी सहा मुलग्यांचे इतके नेमके वर्णन करून ठेवले होते की आजच्या निकषांपुढे ते ठेवता यावे. त्यांचे नाव कोणत्याही प्रकाराला मिळाले नाही.

अभिजात स्वमग्नतेचे वर्णन ज्यात आले तो लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांचा बाल्टिमोरमधला १९४३ चा लेख अकरा मुलांबद्दल आहे, आठ मुलगे आणि तीन मुली. त्यांतली तीन मुले बोलत नव्हती. बोलणाऱ्या मुलांबद्दल कॅनर यांनी जे टिपले ते आमच्या स्वयंपाकघरात रोज घडते: मूल ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत करते, त्यामुळे "मी" च्या जागी "तू" येतो. नातवाला तहान लागली की तो म्हणतो, "तुला पाणी हवंय का?" कारण पाणी मिळण्याआधी नेहमी हेच वाक्य ऐकू येते. पाणी हवे असण्याचे शब्द ते, असे त्याने ठरवले आहे, आणि त्याचे काही चुकले असे मला तरी वाटत नाही. इंदुरात सकाळी कचऱ्याची गाडी गाणे लावून गल्लीतून फिरते. शब्द गेल्यानंतर वर्षभराने नातवाच्या तोंडून पहिल्यांदा जे काही आले ते त्या गाण्याचे धृपद होते, सूर आणि हिंदी उच्चारांसह. आम्ही हसलो, रडलो, शेजाऱ्यांना बोलावले. बऱ्याच दिवसांनी लेकीच्या ध्यानात आले की घरातून कोणी निघाले की तो ते गाणे म्हणतो. गाडी येते आणि निघून जाते. म्हणजे ते गाणे निरोपाचे.

हिंदीवरून आठवले. आमच्यासारख्या घरांत मराठी आत आणि हिंदी उंबऱ्याबाहेर, ही विभागणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. निदानानंतर एका ठिकाणी आम्हाला ठामपणे सांगण्यात आले की दोन भाषांमुळे मूल गोंधळते, तेव्हा घरात मराठी बंद करा. लेकीने आठ महिने ते पाळले. मला माझ्या नातवाशी हिंदीत लाड करता येत नाहीत. शब्द येतात, पण आवाज परका होतो. मी हळूहळू गप्प बसू लागले, आणि ज्या मुलाला बोलणे ऐकण्याची सर्वाधिक गरज होती त्याच्या घरातले बोलणेच निम्मे झाले. दोन भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांची भाषा त्यामुळे अधिक मागे पडते असे संशोधनात दिसलेले नाही, हे पुढे दुसऱ्या एका स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितले. ते आठ महिने मला अजून सलतात. आता तो थेरपीला हिंदी आणि माझ्याजवळ मराठी बोलतो, दोन्हींत उसनीच वाक्ये, पण कोणाला कोणती द्यायची हे त्याला बरोबर कळते.

दोष देण्याचा हा प्रकार नवा नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांत आयांच्या थंडपणामुळे मुले अशी होतात असे मानत, आणि ब्रूनो बेटलहाइम यांनी ते मत १९६७ सालच्या आपल्या पुस्तकातही हिरिरीने मांडले. बर्नार्ड रिमलँड यांनी, जे मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही, १९६४ मध्येच त्याला पुराव्यानिशी उत्तर दिले होते. १९७७ साली फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या: एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. गोष्ट रक्तातून येते, हे तेव्हापासून स्पष्ट होत गेले. पण आमच्या गल्लीत अजून १९६७ सालच चालू आहे. लेक बँकेत नोकरी करते म्हणून, गरोदरपणात ग्रहण पाळले नाही म्हणून, मोबाईल दाखवला म्हणून. मी एकदा एका बाईंना म्हटले, "आमच्या अण्णांच्या लहानपणी घरात रेडिओसुद्धा नव्हता हो."

शब्दाचेही जरा बोलले पाहिजे. ऑइगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ग्रीक भाषेतल्या "स्वतः" या अर्थाच्या शब्दावरून ऑटिझम हे नाव घडवले, तेही वेगळ्याच आजाराच्या एका लक्षणासाठी. मराठीत त्याचे स्वमग्नता झाले, हिंदीत स्वलीनता, आणि सरकारी कागदांत स्वपरायणता. तिन्ही शब्द ऐकायला इतके सुरेख की ते एखाद्या योग्याला शोभावेत. पण माझा नातू स्वतःत मग्न नाही. तो पंख्यात मग्न आहे, गाडीच्या चाकात, पाण्याच्या धारेत आहे. स्वतःकडे तर त्याचे लक्षच नसते. गुडघा फुटून रक्त आले तरी तो खेळत राहतो.

मुलींबद्दल थोडे. अस्पर्गर यांचे चारही मुलगे, सुखारेवांचे सहाही मुलगे, कॅनर यांच्या अकरांत तीनच मुली. मुलग्यांवरून घडवलेल्या साच्यात मुली कशा सापडणार? शांत बसणारी, दुसऱ्या मुलींची नक्कल करून वेळ निभावून नेणारी मुलगी कोणाला खटकत नाही. मी अठ्ठावीस वर्षे शाळेत शिकवले. मागच्या बाकावरच्या दोन-तीन विद्यार्थिनी आता रात्री डोळ्यांपुढे येतात, ज्यांच्या प्रगतिपुस्तकावर मी "लाजाळू" असे लिहिले होते.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या नव्या कायद्याने ज्या एकवीस दिव्यांगता मोजल्या त्यांत ते बसले. प्रमाणपत्रासाठी एक भारतीय मोजपट्टी आहे, चाळीस प्रश्नांची, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. १०६ आणि १०७ यांच्यामध्ये काय असते, असे मी तपासणाऱ्या तरुणाला विचारले. तो भला होता. म्हणाला, "आजी, एक प्रश्न असतो."

गेल्या महिन्यात लेक आमच्याकडे बसून नातवाच्या ओळखपत्राचा ऑनलाइन अर्ज पुन्हा भरत होती. त्यात दिव्यांगतेचा प्रकार निवडायचा रकाना होता आणि एकवीस नावांची यादी. ती मला म्हणाली, "आई, अण्णामामाचाही भरू या का गं?" अण्णा आता सहासष्ट वर्षांचे आहेत. त्यांना या प्रमाणपत्राने काय मिळेल हे मला सांगता येत नव्हते, आणि त्यांच्याकडून काय हिरावले जाईल हेही. मी काही बोलले नाही. अण्णा खुर्चीमागे येऊन उभे होते, पडद्याकडे बघत. प्रकाराच्या रकान्याकडे त्यांचे लक्षच नव्हते. लेकीने सुदामानगरच्या आपल्या पत्त्याखाली, शहराचा म्हणून सवयीने, ४५२००१ लिहिले होते.

"शून्य शून्य नऊ," अण्णा म्हणाले. "एक नाही."

तिने एक पुसून नऊ केला. गाद्यांच्या चळतीतून आवाज आला, "शून्य शून्य नऊ." थोडे थांबून पुन्हा, "शून्य शून्य नऊ." अण्णांनी मान हलवली आणि ते आत निघून गेले.